चहाच्या पेटीचे कुलूप

छंदावर टीका करू नये, असा आपल्याकडे एक सभ्य संकेत आहे. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी काड्यापेट्यांवरची चित्रे. आपण कौतुकाने पाहावे, ‘वा!’ म्हणावे आणि चहा पिऊन घरी यावे. परंतु छंद ही एक प्रकारची निवडच असते. निवड आली की अभिरुची आली, आणि अभिरुची आली की तिच्याविषयी बरेवाईट बोलण्याचा हक्कही आला. एखादी कविता कशी आहे असे आपण विचारतो. तसे एखादी पेटी कशी आहे हेही विचारता आले पाहिजे. दिवाळीच्या फराळाबरोबर एका पेटीची आणि एका चमच्याची अशी थोडी चिकित्सा करावी, असा आज बेत आहे. दोन्ही वस्तू विलायतेतल्या, आणि दोन्ही चहाच्या; तेव्हा विषय अगदीच परका वाटू नये.

पेटीला इंग्रज ‘टी-कॅडी’ म्हणतो. चहाची पत्ती ठेवण्याची ही छोटी, झाकणाची, बहुधा कुलपाची पेटी. आतून शिशाच्या पातळ पत्र्याने मढवलेली, एका, दोन किंवा तीन कप्प्यांची. ‘कॅडी-स्पून’ म्हणजे तीतून पत्ती काढण्याची चांदीची चिमुकली पळी, बोटभर लांब, आखूड दांड्याची. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ह्या दोन वस्तू इंग्लंडात हजारांनी झाल्या, आणि आज त्या जमवणारे लोक हजारो मैलांवरून त्यांचा शोध घेत असतात. केवळ ह्या पळ्यांच्या संग्राहकांची एक स्वतंत्र मंडळी इंग्लंडात आहे, त्यांवर सचित्र ग्रंथ आहेत, लिलाव आहेत. हे लोक लाकडाची जात ओळखतात, कारागिराचा ठसा वाचतात, बिजागरी मूळची की मागाहून बसवलेली हे सांगतात. त्यांच्या जाणकारीविषयी मला आदर आहे.

तरीही ह्या विषयावरचे लेखन वाचताना एक गोष्ट मनात राहून जाते. पेटीचे वर्णन करताना लाकूड येते, जडावकाम येते, घाट येतो. कुलपाचा उल्लेख येतो तो ‘मूळचे कुलूप व किल्ली शाबूत’ एवढाच, म्हणजे किंमत वाढवणारी बाब म्हणून. माझे म्हणणे असे की ही पेटी कुलपापासून वाचावयास हवी. ते कुलूप कुणासाठी होते हे विचारल्यावाचून तिचे सौंदर्य पुरते समजत नाही, आणि मोलही करता येत नाही.

* * *

आधी थोडा इतिहास. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने २५ सप्टेंबर १६६० रोजी पहिल्यांदा चहा घेतला आणि आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली. चहा तेव्हा चिनी औषधासारखा, नवलाचा होता. त्याच सुमारास गारवे नावाच्या कॉफीगृहवाल्याने जाहिरात काढली. तीत एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम पत्तीचा भाव १६ शिलिंगांपासून ५० शिलिंगांपर्यंत दिला होता. वीस शिलिंगांचा एक पौंड स्टर्लिंग होई. पुढे शंभर वर्षांनीसुद्धा साध्या मोलकरणीचा वर्षाचा पगार मोजक्या पौंडांतच असे, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या भावाचा अर्थ कळतो.

१६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाशी पोर्तुगालच्या कॅथरीनचे लग्न झाले. आपणां महाराष्ट्रीयांना ही बाई ठाऊक आहे ती आंदणामुळे. तिच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांकडे गेले. इंग्रजांना ती ठाऊक आहे ती चहामुळे. इंग्लंडात चहा तिने आणला असे पुष्कळदा सांगतात. ते खरे नव्हे, कारण पेपिसचा पेला तिच्याआधीचा आहे. परंतु दरबारात आणि बड्या घरांत चहाची प्रतिष्ठा वाढली ती तिच्या आवडीमुळे, एवढे म्हणावयास हरकत नाही. मुंबई आणि चहाची किटली एकाच वरातीत इंग्रजांच्या घरी गेली, ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा आठवावी लागणार आहे.

पहिल्या पेट्या म्हणजे चहाबरोबर चीनहून आलेल्या चिनीमातीच्या बरण्या. मग इंग्रज सोनारांनी त्याच घाटाच्या चांदीच्या बरण्या केल्या. दोन चहाच्या, एक साखरेची, अशा बरण्या एका लाकडी पेटीत ठेवू लागले. एका बरणीत काळा ‘बोही’, दुसरीत हिरवा ‘हायसन’. ह्या बरण्यांना तेव्हा ‘कॅनिस्टर’ म्हणत. ‘कॅडी’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. तो मलाय भाषेतल्या ‘काती’ ह्या वजनावरून आला. काती म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. वजनाचे नाव पेटीला पडावे, ह्यातच सारे आले. आपल्याकडे ‘शेर’, ‘पायली’ हे शब्द मापाचेही आणि भांड्याचेही, तसाच हा प्रकार. जी वस्तू तोलून-मापून घ्यावयाची आणि तोलून-मापूनच द्यावयाची, तिची ही पेटी.

* * *

आता कुलूप. त्या काळच्या इंग्रज घरात चहा स्वयंपाकघरात होत नसे. नोकर उकळते पाणी आणून ठेवी आणि दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या देखत, घरची मालकीण स्वतः पेटी उघडून पत्ती काढी. किल्ली तिच्याजवळ. म्हणजे आदरातिथ्याचा आरंभच मुळी कुलूप उघडण्याने होई. पाहुण्याला त्यात मान वाटे, कारण आपल्यासाठी तिजोरी उघडली जात आहे हे त्याला दिसे. आणि किटली घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मुलीलाही काही दिसतच असेल. तिला काय वाटत असेल, हे कुठल्याही सूचिपत्रात छापलेले नाही.

ह्या मुलीच्या बाजूने एकाच मोठ्या लेखकाने लिहिले, तेही थट्टेने. गलिव्हरचा जनक जोनाथन स्विफ्ट ह्याचे ‘डिरेक्शन्स टू सर्व्हंट्स’ हे पुस्तक १७४५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. नोकरांनी मालकाला कसे फसवावे ह्याचा त्यात उपरोधिक उपदेश आहे. खास दासीला उपदेश करताना तो हळहळतो, की चहा-साखर कुलपाच्या पेटीत ठेवण्याची टूम निघाली आणि बिचारीचे जिणे कठीण झाले. थट्टा खरी, पण त्या थट्टेवरून दोन गोष्टी कळतात. पेटी चोरीच्या धास्तीतून घरोघर आली होती, आणि ती कुणासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

कुलपाची दुसरी बाजू याहून बोलकी आहे. एकदा वापरलेली, चोथा झालेली पत्ती ही पुष्कळ घरांत नोकरांची हक्काची मिळकत मानली जाई. ती वाळवून पुन्हा उकळत किंवा बाहेर विकत. म्हणजे एकच पत्ती सकाळी कुलपात आणि संध्याकाळी चुलीमागे वाळत पडलेली. कादंबरीकाराला ह्याहून अधिक सांगावे लागत नाही. घराचा सगळा जिना ह्या एका पत्तीच्या प्रवासात उभा राहतो.

बरे, हे काही केवळ कद्रू गृहिणींचे वेड नव्हते. विचारवंतही त्याच बाजूचे होते. १७५६ मध्ये जोनास हॅनवे नावाच्या परोपकारी गृहस्थाने चहाविरुद्ध निबंध लिहिला. चहाने राष्ट्राचे आणि विशेषतः गरिबांचे वाटोळे होत आहे असा त्याचा सूर. त्या पुस्तकाचे परीक्षण १७५७ मध्ये कोशकार डॉ. जॉन्सनने केले. जॉन्सन कमालीचा चहाबाज, आणि त्याने हॅनवेची यथेच्छ खिल्ली उडवली. पण मौज अशी की, चहा हे खालच्या वर्गाच्या लोकांना योग्य असे पेय नव्हे, हा मुद्दा त्याने त्याच परीक्षणात विनातक्रार मान्य करून टाकला. स्वतःची किटली रात्री-अपरात्री चुलीवर असणाऱ्या माणसाने हे लिहावे! त्या काळचा सर्वांत मोठा टीकाकार चहाच्या बाजूने लढला, पण कुलूप मात्र त्याने तसेच राहू दिले.

ह्यावरून इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडेही किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला असे आणि कोठीची खोली त्यांच्या परवानगीवाचून उघडत नसे. तूप, गूळ, दाणे ह्यांचे माप सुनेला त्यांच्या हातून मिळे. दिवाळीत लाडवांचा डबा फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर का जातो, हे प्रत्येक घरातल्या मुलाला पक्के ठाऊक असते. फरक एवढाच, की आपले कुलूप आतल्या अंधाऱ्या खोलीला होते. पाहुण्यासमोर ते आणण्याची आपल्याला लाज वाटली असती. आपला पानाचा डबा पाहुण्यापुढे सरकवला जातो तो उघडा. इंग्रजांनी कुलूपच दिवाणखान्यात आणले, त्याला चांदीची चकती बसवली आणि ते टेबलाचे भूषण केले.

किल्ली कुणाच्या हाती आहे ह्यावरून घरातले माणसाचे स्थान कळते, ह्याचे एक हृद्य उदाहरण साहित्याच्या इतिहासात आहे. जेन ऑस्टेन १८०९ पासून चॉटन गावी आई आणि बहिणीबरोबर राहत होती. घरकामातून तिला बरीच मोकळीक होती. सकाळी नऊची न्याहारी करणे आणि चहा, साखर व वाइन ह्यांचा साठा सांभाळणे एवढे मात्र तिच्याकडे होते. तिची भाची कॅरोलिन हिने आठवणींत हे लिहून ठेवले आहे. स्वतःच्या पुस्तकांवर आपले नावही न छापणारी ही लेखिका. पण घरातली चहाची कोठी तिच्या हाती होती. तिच्या कादंबऱ्यांत घरात कुणाचे किती चालते ह्याचे जे अचूक भान दिसते, ते अशा सकाळींतूनही आले असेल.

* * *

कुलूप ध्यानात ठेवून आता पेट्यांकडे पाहू, म्हणजे कारागिरांपैकी कोण खरा कलावंत हे ओळखणे सोपे जाईल. कारण प्रत्येक कारागिरापुढे प्रश्न एकच होता: दिवाणखान्यात शोभेल अशी वस्तू करावयाची आहे, आणि तिच्या ऐन तोंडावर एक भोक पाडावयाचे आहे. ह्या भोकाचे करावयाचे काय?

चिपेंडेलच्या १७५४ च्या नमुनेपुस्तकात ह्या पेट्यांचे नमुने आहेत. फुगीर पोटाच्या, वर पितळी मूठ, पायांना वळण. ह्यांत किल्लीच्या भोकाभोवती नक्षीदार चकती येते आणि भोक हेच चेहऱ्याचे केंद्र होते. हा प्रामाणिक मार्ग झाला. पेटी म्हणते, मी तिजोरी आहे आणि देखणीही आहे. हेपलव्हाइटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये त्याच्या विधवेने प्रसिद्ध केले. त्या सुमाराच्या पेट्या शांत आहेत: लंबगोल किंवा अष्टकोनी, सॅटिनवुडच्या फिक्या पिवळ्या पापुद्र्याने मढवलेल्या, मध्ये जडावाचा शंख किंवा फूल, आणि किल्लीच्या भोकाला हस्तिदंताची पतंगीसारखी चौकट. इथे भोक नक्षीत मिसळून गेले आहे. माझ्या मते पेटी म्हणून ह्याच सर्वांत चांगल्या. त्यांत दडवादडवी नाही आणि दिमाखही नाही. हात लावावासा वाटेल असे माप आहे.

नंतर आल्या त्या शवपेटीच्या घाटाच्या पेट्या. इजिप्तची हवा आली, तशी चहाची पेटीही वर रुंद आणि खाली निमुळती, सिंहाच्या पंजांवर उभी राहिली. आत दोन कप्पे, मध्ये काचेचे भांडे. हे भांडे दोन जातींचा चहा मिसळण्यासाठी, असे एक पक्ष म्हणतो. साखरेसाठी, असे दुसरा म्हणतो. संग्राहकांत ह्यावर पुष्कळ वाद होतात. वाद रंगतो तो रंगो. पण घाटाविषयी वाद नसावा. सकाळच्या चहासाठी फॅरोची शवपेटी उघडावयाची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला चहाची गोडी नसावी.

आणि मग ती प्रसिद्ध फळे! अठराव्या शतकाच्या अखेरीस कातारी लोकांनी फळझाडांच्या लाकडाच्या नासपती आणि सफरचंदाच्या आकाराच्या पेट्या कातल्या. वर देठ, आणि देठ धरून झाकण उचलले की आत चहा. संग्राहक ह्यांच्यावर जीव टाकतात, आणि लिलावात त्यांना मिळणाऱ्या किमतीत कित्येक चांगल्या चौकोनी पेट्या येतील. घाट खरोखरच गोड आहे. नासपतीच्या बुंध्याचा फुगवटा तळहातात बरोबर बसावा असा. पण समोर पाहावे तो फळाच्या पोटात किल्लीचे भोक! झाडावरच्या फळाला कुलूप घालण्याची हिंमत ज्या समाजाने केली, त्याने आपल्याविषयी जेवढे सांगून टाकले तेवढे इतिहासकाराच्या ग्रंथातही सापडणार नाही. ही पेटी मला आवडते ती ह्या अजाणत्या विनोदासाठी.

आणखी एक जात सांगितली पाहिजे. सुताराकडून साधी, कुलूप बसवलेली पेटी आणावयाची आणि घरच्या मुलींनी रंगीत कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून, त्या उभ्या चिकटवून तिच्या बाजू भरावयाच्या. पट्टीच्या कडेला सोनेरी मुलामा असे, त्यामुळे सगळे काम तारकामासारखे चमके. ऑस्टेनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधली ल्यूसी स्टील अशाच कामाची टोपली करण्यात गुंतलेली दाखवली आहे. ह्या पेट्यांत प्रतिभा कमी, चिकाटी फार. तरी मला त्या हलवून जातात. रिकाम्या दुपारींचे काय करावे हे न कळणाऱ्या मुलींनी वेलबुट्ट्यांनी सारी पेटी भरली. तेवढे किल्लीचे भोक सोडून.

* * *

पेटी राखते आणि चमचा देतो. म्हणून चमच्याचा स्वभाव निराळा. चीनहून येणाऱ्या चहाच्या खोक्यांत नमुना काढून पाहण्यासाठी शिंपला ठेवलेला असे, असे सांगतात. पहिल्या चांदीच्या पळ्या शिंपल्याच्या आकाराच्या आहेत, ह्याचे मूळ तेथे शोधतात. दांडा आखूड, कारण पळी पेटीतच, झाकणाखाली मावली पाहिजे. उपयोगातून घाट कसा जन्मतो, हे मुलांना शिकवावयाचे झाले तर ह्याहून सोपे उदाहरण मला देता येणार नाही.

ह्या पळीचा बहर आला तो १७८० च्या पुढे. त्याचे कारण १७८४ साल. त्या वर्षी पंतप्रधान पिटने चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि तूट भरून काढण्यासाठी खिडक्यांवरचा कर वाढवला. चोरटा व्यापार बसला, चहा मध्यम घरांत मोकळेपणाने आला. त्याच वर्षी चांदीवर कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या मुखवट्याचा ठसा मारू लागले; तो १८९० पर्यंत चालू होता. म्हणून आज संग्राहक भिंग घेऊन पळीवर पहिल्यांदा राजाचे तोंड शोधतो. मग सिंह, मग वर्षाचे अक्षर, आणि बर्मिंगहॅमची असेल तर नांगर.

बर्मिंगहॅमला ठसे मारण्याची कचेरी १७७३ मध्ये, मॅथ्यू बोल्टनच्या खटपटीने निघाली. तेथील जोसेफ टेलर, सॅम्युअल पेम्बर्टन, मॅथ्यू लिनवुड ह्यांनी पातळ चांदीचा पत्रा साच्यात दाबून स्वस्त, हलक्या पळ्या काढल्या. लंडनमध्ये हेस्टर बेटमन ह्या विधवेने नवऱ्यामागे कारखाना चालवला. १७६१ पासून १७९० पर्यंत तिचे नाव गाजत होते. तिच्या कामात एक नेटकेपणा आहे. कडेला मण्यांची बारीक ओळ, थोडी चमकदार कोरणी, आणि पुरे.

आता रूपे पाहा: शिंपला, पान, फावडे, माणसाचा हात, गरुडाचा पंख, घोडेस्वाराची टोपी. चहा स्वस्त झाला, धास्ती कमी झाली, आणि कारागिराच्या हातात खेळकरपणा आला, असा माझा तर्क आहे. पेटीवर कुलूप राहिले ते बहुतेक सवयीने. पळी मात्र हसू लागली. द्राक्षाच्या पानाची पळी मला ह्यांत सर्वश्रेष्ठ वाटते. पानाच्या शिरा म्हणजे तिची नक्षी, देठाची वेलांटी म्हणजे तिचा दांडा. काही चिकटवलेले नाही. चहा हेही पानच, हे औचित्य वेगळेच. ह्याउलट घोडेस्वाराची टोपी. ती उलटी धरून टोपीच्या पोकळीत पत्ती घ्यावयाची आणि टोपीच्या पुढच्या झापेला धरावयाचे. कल्पना गमतीची, पण धरायला अवघड आणि चहाशी संबंध शून्य. बाजारात मात्र ह्या टोप्या आणि गरुडाचे पंख चढ्या भावाने जातात आणि पाने मागे राहतात.

* * *

संग्राहकांशी माझा वाद आहे तो इथे. दुर्मिळता हा गुण नव्हे. एखादी कविता एकाच वहीत सापडली म्हणून ती चांगली ठरत नाही. तिचे मोल अभ्यासकाला असेल. पण रसिकाने तिला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. जुन्या वस्तूंच्या जगात हा भेद सहज पुसला जातो, कारण तेथे प्रत्येक मताला आकडा चिकटलेला असतो. आकडा आला की लबाडीही येते. साध्या जुन्या चमच्याचा दांडा तोडून, वाटी ठोकून त्याची ‘दुर्मिळ’ पळी करतात. ठसा खरा, वस्तू खोटी. ठसे मारलेल्या चांदीत असा परवानगीवाचून फेरफार करणे १९७३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. नासपतीच्या पेट्या तर नव्याने कातून, डाग पाडून जुन्या म्हणून विकल्या जातात. दुर्मिळतेलाच गुण मानणाऱ्याला फसवणे सोपे असते. जो हातात धरून, वापरून पाहील, त्याला फसवणे थोडे कठीण.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ ह्यांनी, आयुष्यभर अडकित्ते, दिवे, भांडी जमवली आणि आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. तेथील अडकित्त्यापुढे उभे राहिले की सुपारी फोडणारा हात आठवतो. घरगुती वस्तूंच्या संग्रहाचे हेच सार्थक. चहाच्या पेटीपुढे उभे राहिल्यावर किल्ली धरणारा हात आठवला पाहिजे, आणि किटली धरणाराही.

* * *

किटली धरणाऱ्या हातापाशीच थांबून मात्र चालणार नाही. कुलपाच्या आत जे होते ते आले कुठून? मधल्या भांड्यातली साखर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमाची होती. १७९१ नंतर इंग्लंडातल्या असंख्य कुटुंबांनी ती साखर घेणे सोडले. आणि ह्यात पुढाकार चहाच्या टेबलाशी बसणाऱ्या स्त्रियांचा होता. १८२० नंतर तर ‘गुलामांनी न पिकवलेली’ असे अक्षरात लिहिलेली साखरेची भांडी विकू लागली. किल्ली जिच्या हाती होती, तिनेच पेटी तपासून पाहिली, ही गोष्ट तिच्या श्रेयाची आहे.

चहाचे तसे झाले नाही. चीनला चांदी द्यावी लागू नये म्हणून हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये जाऊ लागली. बंगालची कलकत्त्याहून आणि माळव्याची मुंबईहून. कॅथरीनच्या आंदणातले ते बेट आता चहाची किंमत भागवीत होते. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती ह्या चीनच्या व्यापारातून, कापसातून आणि अफूतून आली. आणि त्याच संपत्तीतून मुंबईची इस्पितळे आणि कलाशाळा उभ्या राहिल्या. १८३९ मध्ये ह्या अफूपायी युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या जानेवारीत आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. चहा आता साम्राज्यातच पिकू लागला, स्वस्त झाला, सीलबंद पुड्यांतून घरी येऊ लागला, आणि कुलपाचे काम संपले. पेटीची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली.

पेट्यांच्या लाकडातही आपला हात आहे. विशाखापट्टणमच्या कारागिरांनी कंपनीच्या साहेबांसाठी हस्तिदंताने मढवून, काळ्या लाखेने कोरणी भरून पेट्या केल्या. मुंबई-सुरतेच्या सादेली कारागिरांनी चंदनाच्या पेट्यांवर लाकूड, हस्तिदंत आणि धातू ह्यांच्या काड्या जुळवून बारीक चौकटींचे नक्षीकाम केले. ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ते काम विलायतेत प्रसिद्ध होते. आज हस्तिदंताच्या विक्रीवर ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याने कडक बंधने आहेत. तो २०२२ पासून अमलात आला. आपल्याकडे तर हा व्यापार त्याआधीच बंद झाला. तेव्हा जुन्या पेटीच्या झाकणावरचा हत्तीही आता हिशेब मागू लागला आहे.

ह्यावर कुणी म्हणेल, ‘मास्तर, एवढ्याशा पेटीवर केवढे ओझे! सुंदर वस्तू सुंदर म्हणून पाहू द्या की.’ म्हणणे खोटे नाही. सौंदर्याला दर वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. लेण्यांतल्या शिल्पांपुढे आपण वेठीचा हिशेब मांडीत बसत नाही. पण लेण्याच्या दगडावर वेठीची खूण दिसत नाही. ह्या पेटीच्या तोंडावर ती दिसते. कारागिरानेच ती मध्यभागी ठेवली आहे आणि तिच्याभोवती सारी नक्षी रचली आहे. कुलपाकडे न पाहता पेटी पाहणे म्हणजे कारागिराची रचनाच न पाहणे. तेव्हा हा आग्रह नीतीचा आहे तितकाच रसिकतेचाही आहे.

मग ह्या पेट्या जमवू नयेत काय? अवश्य जमवाव्यात. सॅटिनवुडची ती शांत अष्टकोनी पेटी आणि द्राक्षाच्या पानाची ती पळी माणसाच्या हातून झालेल्या चांगल्या वस्तूंपैकी आहेत, आणि त्या राहिल्या पाहिजेत. फक्त काचेच्या कपाटात मांडताना पेटी बंद आणि किल्ली शेजारी, अशी ठेवू नये. झाकण उघडे असावे, पळी कडेवर टेकवलेली असावी, आणि खालच्या चिठ्ठीवर लाकडाच्या आणि कारागिराच्या नावाबरोबर एक ओळ जास्त लिहावी: किल्ली कुणाजवळ असे, आणि कुणाजवळ नसे. तेवढी ओळ वाचून पाहणारा पुन्हा एकदा वाकून त्या लहानशा भोकाकडे पाहील. पेटी त्याला तेव्हा पहिल्यापेक्षा कमी सुंदर दिसेल असे मला वाटत नाही.